सोनखेडीचा फारसी दगड

१

पोळ्याच्या दिवशी सकाळी मंजुश्री अनवाणीच पळत आली. उकंडराव ओट्यावर चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत बसले होते. नातीचा चेहरा पाहून त्यांच्या हातातला दोरा तसाच राहिला.

"आबा, दगड नाई!"

"कोणता दगड?"

"कोणता म्हून काय इचारता? फारसी दगड! कुलूप जसंच्या तसं हाय. मी उघडून आत गेली, तं जागा मोकळी."

उकंडराव पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांना एकच खोड होती. चोर सापडला तरी आपण चुकीचा माणूस तर धरला नाही ना, या विचाराने त्यांची झोप उडायची. वरिष्ठ हसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तकं जवळ केली, ती बहुधा त्यामुळेच. पुस्तकातला चोर शेवटच्या पानावर नक्की चोरच असतो.

सोनखेडी हे अमडापूरच्या अलीकडचं गाव. तिथल्या जुन्या विहिरीचा गाळ काढताना तो काळा दगड निघाला होता. पाट्याहून मोठा, दोन गड्यांनी उचलावा असा, आणि त्यावर फारसी अक्षरं कोरलेली. अर्ध्या अक्षरांवर चुन्याचा जाड थर होता. त्या दगडामुळेच गावाला फारसी भाषेचं अभ्यास केंद्र मिळालं. आशियाई भाषांच्या अभ्यासासाठी सरकारची एक योजना होती. गजेंद्र सरांनी दगडावर लेख लिहिला, अर्ज केला आणि अनुदान आणलं. गावातली सात-आठ पोरं फारसी शिकू लागली. लोक आधी हसले, मग सवय झाली.

त्या पोरांत मंजुश्री सगळ्यांच्या पुढे होती. उद्या करीच्या दिवशी मुंबईहून समिती येणार होती. दगड पाहणार, पोरांची परीक्षा घेणार. समितीचं समाधान झालं तर मंजुश्रीला पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला पाठवायचं, राहण्या-जेवण्याचा खर्च सरकारचा. नाही झालं, तर तिच्या बापाने चिखलीच्या एका कापड दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

"किल्ल्या कोणाकोणापाशी हायेत?" उकंडरावांनी विचारलं.

"एक माह्यापाशी, एक सरापाशी अन् एक गुलाबराव पाटलापाशी. खोली त्याईनंच देल्ली ना."

"अन् दगड गेल्यानं कोणाचं भलं होते?"

मंजुश्रीने गल्लीकडे एकदा पाहून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आबा, मागच्या हप्त्यात मी त्याच्यावरचा चुना भिजू भिजू काढला. सरानं लेखात लिव्हलं का ते विहीर गुलाबरावाच्या पूर्वजानं बांधली. तसं नाई ते. त्याच्यात कोणाचंच नाव नाई."

उकंडरावांनी चष्मा खाली ठेवला. सोनखेडीत पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी गुलाबरावांची जायची. हा मान त्यांच्या घराण्याकडे फार जुना, आणि अलीकडे त्याला पुरावा म्हणून तो दगडच दाखवत.

"हे कोणाकोणाले सांगतलं?"

"सराले. अन् आता तुमाले."

२

खोली चावडीमागच्या गल्लीत होती. उकंडरावांनी ती दारातूनच नीट पाहून घेतली. मागच्या दाराला आतून कडी होती आणि कडीवर कोळ्याचं जाळं शाबूत होतं. म्हणजे येणारा-जाणारा पुढच्याच दाराने आला-गेला. खिडकीला गज होते. आत पुस्तकांचं कपाट, एक टेबल, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या शहाबादी फरश्या. पुढचं अनुदान आलं की त्या बसवायच्या होत्या, तोवर गोणपाट पांघरून उभ्या होत्या. एका कोपऱ्यात सतरंजी चुरगळून पडली होती.

"सतरंजी अशीच ठेवतेस का वं?"

"नाई जी. मी घडी करून कपाटावर ठेवली होती."

जिथे दगड असायचा तिथली सिमेंटची जमीन फिक्कट दिसत होती. ओढल्याचा ओरखडा कुठेच नव्हता.

समोरच्या ओट्यावर गीताबाई पुरणाची डाळ निवडत बसली होती. तिच्या नजरेतून गल्लीतलं मांजरही सुटत नसे.

"गीताबाई, काल कोण कोण आलं इकडे?"

"तुमी जमादार म्हून इचारून राह्यले का मंजुश्रीचा आजा म्हून?"

"दोन्ही म्हून."

"मंग दोघाईले आयका. पोरगी चार-साडेचारले कुलूप लावून गेली. मी डोयानं पाह्यलं. मंग सर येऊन गेले, हात हालवत. गुलाबराव दारावरून गेले, पण थांबले नाई. दिवेलागणीले मी आत गेली खांदमळणीले, बैलाचे खांदे मळाले. मीच काय, सारी गल्लीच आपापल्या गोठ्यात होती. त्या टायमाले कोणी हत्ती नेला असता, तरी कोणाले समजलं नसतं."

"सर त्या टायमाले कुठं होते?"

"त्याईले गोठा असता तं गोठ्यात असते," गीताबाई हसली. "बिचारे मुंबईत वाढले. पह्यल्या वर्षी मले इचारे, का गीताबाई, हे बैलाचं बारसं हाय का?"

गजेंद्र सर चावडीशेजारच्या भाड्याच्या खोलीत राहत. उकंडराव गेले तेव्हा ते पलंगावर डोकं धरून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यांनी उकंडरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं.

"आबा, मी सांगतो ते माझ्या नावावर कुठे जाऊ देऊ नका. मला याच गावात राहायचंय."

"नाई जाऊ देत."

"काल दिवेलागणीला मी खिडकीत उभा होतो. गुलाबरावांची बैलगाडी केंद्राच्या दारात लागली होती. गाडीवर ताडपत्रीखाली काहीतरी जड होतं. मला वाटलं, सणाचं सामान असेल."

"गाडी त्याईचीच होती, हे कशावरून?"

"बैल ओळखले ना. ती पांढरी जोडी, लालभडक रंगवलेली शिंगं. गावात तशी दुसरी जोडी नाही." सर खाली पाहत बोलत होते. "मंजुश्रीवर आळ येऊ नये म्हणून सांगतोय. किल्ली तिच्याकडेही आहे. लोक काय म्हणतील, तुम्ही जाणता."

उकंडराव बाहेर आले. नात सुटत होती, साक्षीदार शिकलेला होता, आणि गुलाबरावांना कारणही होतं. सगळं जुळत होतं. तरीही पायात खडा असावा तसं त्यांना काहीतरी टोचत होतं. काय, ते समजेना. आपल्याला जे हवं तेच ऐकू आलं म्हणून तर हे टोचणं नसेल?

३

गुलाबराव पाटील गोठ्यासमोर बैलांना झुली घालत होते. वय साठीच्या पुढे, आवाज मात्र अजून वावराच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा.

"या जमादार! हातकडी आनली का?"

"कोणासाठी आनू?"

"तुमच्या नातीसाठी. मले समजलं सारं. दगडावर आमचं नाव नाई म्हन्ते ते. अन् आता दगडच नाई! मंग म्या पाहू कोठून का ते खरं बोलते का खोटं?"

उकंडरावांचे कान टवकारले. "नाव नाई, हे तुमाले कोणं सांगतलं?"

"सरानं. परवा आले होते घरी. म्हने, पाटील, पोरगी काहीतरी उलटंसुलटं वाचून राह्यली, समितीसमोर तुमची अब्रू जाईन." गुलाबरावांनी झुलीची गाठ करकचून आवळली. "म्या म्हनलं, वाचू द्या. दगड काही पोरीच्या बापाचा नाई अन् माह्याबी बापाचा नाई. जे कोरलं ते कोरलं."

"काल दिवेलागणीले तुमी कुठं होते?"

"मले इचारून राह्यले?" गुलाबराव दोन पावलं पुढे आले. "गोठ्यात होतो. बायको होती, सून होती, गडी होते. सारे माह्याच घरचे, म्हून इश्वास ठेवू नका. पन एक सांगतो. आज तोरणाखाली सारं गाव जमन. तिथं मी इचारनार का दगड कोठं हाय. उद्या सकाऊन समितीच्या आंधी दगड नाई आला, तं मी सोता साहेबाले सांगन का किल्ली पोरीपाशी होती."

"गुलाबराव, पोरीचं आयुष्य हाय ते."

"अन् मान माह्या सात पिढ्यांचा हाय!"

परतताना उकंडराव दोनदा थांबले. गुलाबराव रागीट होते, पण खोटं बोलताना माणूस इतका ओरडत नाही, असं त्यांना वाटलं. लगेच दुसरं मन म्हणालं, अनुभवी माणूस ओरडूनच खोटं बोलतो. आणि सरांनी ही गोष्ट पाटलांच्या घरी जाऊन का सांगावी? शाबासकी मिळायला? की पाटलांच्या मनात राग पेरायला?

घरी मंजुश्री चुलीपाशी बसून होती. पुरण करपल्याचा वास येत होता.

"आबा, बाबा म्हन्ते का जाऊ दे आता. दुकानातच जा."

उकंडरावांनी पुरणाचं भांडं चुलीवरून उतरवलं. त्यांनी टोपी घातली आणि ते तोरणाकडे निघाले.

४

वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. ढोल वाजत होते. जोड्या एकामागून एक येऊन उभ्या राहत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे गुलाबरावांची पांढरी जोडी. गर्दी आज वेगळीच होती. लोक बैलांकडे कमी आणि मंजुश्रीच्या बापाकडे जास्त पाहत होते.

"जमादार, दगड भेटला का?" कोणीतरी मागून ओरडलं.

"कुठचा भेटते! घरातच असन," दुसरा म्हणाला, आणि हशा झाला.

ढोलाच्या आवाजाने पांढरा बैल बिचकला. त्याने मान झटकली, गर्दी मागे रेटली गेली आणि उकंडराव थेट त्याच्या शिंगावर आदळले. गुलाबरावांनी कासरा खेचून बैलाला आवरलं.

"लागलं काय जी?"

लागलं नव्हतं. पण उकंडरावांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही लालभडक झाली होती. त्यांनी बोट लावून पाहिलं. रंग बोटाला आला.

"वला हाय," ते स्वतःशीच पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "गुलाबराव, शिंगं कवा रंगवली?"

"कवा म्हन्जे? आज सकाऊन, बैल धुतल्यावर. पोळ्याची शिंगं कोनी आदल्या दिवशी रंगवते काय?"

हे उकंडरावांना ठाऊकच नव्हतं. उभा जन्म त्यांनी पोलीस क्वार्टरात काढला होता. पोळा पाहिला तो बंदोबस्तातून. घरी कधी बैल नव्हता.

"अन् काल दिवेलागणीले तुमी गाडी जुपली होती का?"

 गुलाबरावांचा चेहरा तांबडा झाला. "खांदे मळल्यावर? अहो, हळद-तूप लावून, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनून आमंत्रन देल्लं त्याईले. अन् त्याच मानेवर म्या जू ठेवू? या गावात एक मानूस दाखवा कालच्या सांजेले गाडी जुपनारा. मी मिशा काढतो!"

भोवतालचे दहा-बाराजण एकदम बोलू लागले. उकंडरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सकाळपासून पायात टोचणारा खडा आता तळहातावर दिसत होता. गीताबाईने सांगितलं होतं, सारी गल्ली गोठ्यात होती. ज्या घडीला प्रत्येक बैल दावणीला उभा राहून खांदे मळून घेत होता, नेमक्या त्याच घडीला सरांनी गाडी पाहिली होती. शिंगं मात्र दुसऱ्या दिवशीची!

असं कसं कोणी पाहील? पाहिलंच नाही म्हणून. मनात बैलजोडी उभी करताना सरांना आठवली ती मागच्या पोळ्याच्या मिरवणुकीतली.

५

चालता चालता उकंडरावांनी पुढचं जुळवलं. चूक होत असेल तर वाटेतच लक्षात यावं, म्हणून ते मुद्दाम हळू चालत होते.

सर खोटं बोलले. पण खोटंच बोलायचं, तर गाडीच का? गुलाबरावांना पळताना पाहिलं, कुलूप उघडताना पाहिलं, काहीही सांगता आलं असतं. गाडीचं सांगितलं की ऐकणारा एक गोष्ट गृहीत धरतो. दगड खोलीतून बाहेर गेला. गेला असेल तर कुठे, एवढंच मग तो शोधत बसतो. सकाळपासून गाव विहिरी, उकिरडे, कडब्याच्या गंजी धुंडाळत होतं. खोलीत कोणी पाहिलं होतं का?

सर गेले ते हात हलवत, आणि दगड दोन गड्यांचा. एकटा माणूस तो उचलू शकत नाही. आडवा पाडू शकतो. आणि सतरंजीवर पाडला तर ओरखडा न उठवता सिमेंटवरून ओढू शकतो, एक टोक उचलून भिंतीला टेकवूही शकतो.

त्यांनी मंजुश्रीला बोलावलं, सरांनाही निरोप धाडला. केंद्राच्या खोलीत तिघंच होते. वेशीवरचे ढोल इथवर ऐकू येत होते.

 उकंडरावांनी फरश्यांवरचं गोणपाट काढलं. पहिली फरशी दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवली. मग दुसरी.  इथे दगड नसला तर एका शिकलेल्या माणसाला आपण चोर ठरवलं, आणि उद्या नातीचं तोंड पाहता येणार नाही. तिसरी फरशी काढली. मागे अजून राखाडी फरशीच होती.

त्यांनी त्या फरशीला हात घातला तेव्हा गजेंद्र सर खुर्चीतून उठले.

"ती जपून काढा, आबा. तिची कड तुटकी आहे, हातातून निसटते."

ती फरशी स्वतः हलवल्याशिवाय हे कोणाला कळणार नव्हतं. आपण काय बोलून गेलो हे सरांच्याही लक्षात आलं. ते पुढे आले, फरशीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती खाली ठेवली. मागे काळा दगड उभा होता, अक्षरं भिंतीकडे केलेला.

मंजुश्री सरांकडे वळली. "सर, काऊन केलं असं?"

"उद्या समितीत अन्नपूर्णाबाई येतायत. फारसी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. चुना होता तोवर माझं वाचन चालून गेलं असतं. आता एक नजर टाकली की त्या ओळखतील." सर दगडाकडे पाहत बोलत होते. "मी वरच्या दोन ओळी वाचल्या, खालचं ताडून लिहिलं. पाटलांचं नाव घातलं म्हणजे ते खोली देतील, असं वाटलं. समिती गेल्यावर मीच दगड शोधून काढणार होतो. कोणाचंच नुकसान होणार नव्हतं."

"गुलाबरावाचं? माह्या नातीचं?" उकंडराव म्हणाले.

"तिच्यावर येऊ नये म्हणून तर पाटलांचं नाव घेतलं." सर मंजुश्रीकडे वळले. "आता तू ठरव. उद्या तू खरं वाचलंस तर पहिला प्रश्न येईल, अनुदान कशावर दिलं? केंद्र बंद होईल. तुझी हैदराबादची शिष्यवृत्ती त्याच योजनेतली. माझ्या लेखात आहे तसं वाचलंस तर मी शब्द देतो, तुझं नाव पहिलं असेल. बाईंनी हरकत घेतली तर ती मी माझ्यावर घेईन, म्हणेन की विद्यार्थिनी माझंच वाचन म्हणून दाखवतेय."

मंजुश्रीने आजोबांकडे पाहिलं. उकंडरावांच्या जिभेवर आलं होतं, वाच बाई त्यांचं, अन् निघून जा इथून. चिखलीतलं ते कापडाचं दुकान त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण तिला काय सांगावं याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून ते गोणपाटाची घडी करू लागले.

 मंजुश्री ओढणीच्या टोकाने दगडावरची माती पुसू लागली.

६

दुसऱ्या दिवशी दगड टेबलासमोर उभा होता. समितीचे दोन अधिकारी आणि मधे अन्नपूर्णाबाई. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, आवाज इतका मऊ की लोक आपोआप गप्प झाले. दारात गुलाबराव हाताची घडी घालून उभे होते, मागे अर्धं गाव. दगड कुठे सापडला ते गावाला कळलं होतं. कोणी लपवला, ते उकंडरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते सरांनी सांगायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"वाच," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

मंजुश्री दगडापाशी गेली. सरांनी मान खाली घातली. आधी तिने फारसीत वाचलं, बोट अक्षरांखालून सरकवत, मग मराठीत सांगितलं.

"या पाण्यावर पहिला हक्क मुक्या जनावरांचा. ती पिऊन बाजूला झाली की माणसांनी भरावं. बांधणाऱ्याने आपलं नाव इथे लिहू दिलं नाही."

दारातून कोणीतरी खोकलं. गुलाबरावांनी हाताची घडी सोडली. 

अन्नपूर्णाबाई उठल्या. दगडापाशी वाकून त्यांनी प्रत्येक ओळ स्वतः वाचली. त्याला बराच वेळ लागला. मग खुर्चीवर येऊन त्यांनी सरांचा लेख उघडला आणि चष्मा काढून ठेवला.

"या केंद्राला अनुदान मिळालं ते या लेखातल्या वाचनावर. ते वाचन चुकीचं आहे. हे मला अहवालात लिहावं लागेल."

उकंडरावांनी डोळे मिटले.

"चूक कोणी शोधली?"

 मंजुश्रीने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हिने," गजेंद्र सर उभे राहून म्हणाले. "मागच्या आठवड्यात मला येऊन सांगितलं. दगड मी लपवला होता. पाटलांचा आणि हिचा त्यात काही संबंध नाही."

दारात एकदम गलका उठला. गुलाबरावांनी मागे न वळताच हात वर केला, तसा तो थांबला.

"मग तेही लिहावं लागेल," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "केंद्राचं काय होईल ते मुंबईत ठरेल, माझ्या हातात नाही. हिच्या हैदराबादची शिफारस मात्र मी करायची आहे, ते आज इथेच ठरेल."

त्यांनी पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि मंजुश्रीपुढे सरकवलं.

"हे तू कधी पाहिलेलं नाहीस. वाच. अडलीस तर थांबू नकोस, पुढे जा."

मंजुश्रीने पुस्तक जवळ ओढलं. उकंडरावांना त्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. ती बरोबर वाचतेय की चूक, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते फक्त आवाज ऐकत होते. दुसऱ्या ओळीत तो अडखळला, थांबला नाही, आणि तिसऱ्या ओळीपासून सरळ चालू लागला.

अन्नपूर्णाबाईंनी शिफारशीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.